ताप नसलेला फ्लू

इराणातल्या हमदान शहरातल्या आमच्या इस्पितळात तातडीच्या विभागात कोण कसली तक्रार घेऊन आलं, ते बघून कोणती साथ चढतेय हे सांगणं माझं काम. त्या आठवड्यात आलेखावरची फ्लूची रेघ एकदम वर गेली. डॉक्टर तवक्कुली खूश. साथ यंदा लवकर येणार, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं ना! येईल त्याला एकच सल्ला, घरी जा, उबेत पडून राहा.

मला काही पटेना. डोकेदुखी, उलट्या, गरगरणं, सगळं होतं; ताप मात्र कुणालाच नव्हता. फ्लू घरात एकेकाला धरतो, इथे घरंच्या घरं एकदम येत होती. आमच्या बाकावर थोडं बसलं की बरी व्हायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. त्यातून त्यांचं बोलणं. एका म्हाताऱ्याला भिंतीतून कुणी हाक मारत होतं. एका नव्या नवरीचे पाय रजईखाली कुणीतरी धरून ठेवले होते. डॉक्टर म्हणाले, तापात भ्रम होतो. अहो, पण ताप कुठाय? विचारलं तर हसले. असा संताप आला!

मग मीच एकेकाला विचारत सुटले. थंडीत घरोघरच्या नळातल्या गॅसचा दाब पडल्यापासून सगळ्यांनी माळ्यावरची कोरसी काढली होती. ठेंगण्या मेजाखाली निखाऱ्यांची शेगडी, वर जाड रजई, सगळ्यांचे पाय आत. त्यात खिडक्यांच्या फटी चिंध्यांनी बुजवलेल्या. निखाऱ्यांचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही येत नाही. धाकटी बहीण माहलका सकाळीच डोकं धरून आली होती, आणि डॉक्टरांनी तिलाही उबेत पाठवलं होतं. घरात ती एकटीच.

फोन लावला. तिचा आवाज इतका सुखातला, की अंगावर काटा आला.

"ताई, आई आलीय."

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"माहू, ऊठ. दार उघड, आत्ताच्या आत्ता."

"नको गं, गारठा येईल. समोरच बसलीय, पाय शेकत. म्हणते, अजून निखारे घाल."

मग फोन खाली पडल्याचा आवाज आला.

तिच्या शेजारच्या इस्फंदियारकाकांना फोन करून दार फोडायला लावलं. त्यांनी तिला ओढत बाहेर बर्फात आणलं. मी कोरसीचं सांगताच डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी बाकीच्या घरांकडे गाड्या पिटाळल्या.

माहलका वाचली. शुद्धीवर आल्यावर तोंडावरचा मास्क बाजूला सारून माझ्याकडे बघत राहिली.

"दार कशाला फोडलंस? ती आज राहणार होती."

आणि भिंतीकडे तोंड करून निजली. मला रडू कोसळलं. आई गेल्यापासून मला ती एकदाही, स्वप्नातसुद्धा, दिसलेली नाही.