दहा जागा

यकृताच्या गाठीत रोगाशी झुंजणाऱ्या पेशी किती शिरल्यात, हे मोजण्यात डॉक्टरीणबाईंची सतरा वर्षं गेली होती. पेशी भरपूर असल्या, तर औषध लागू पडायची आशा जास्त. काचपट्टीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. पण हा नंबर बाईंना पाठ होता, कारण धाकट्या भावाचा फॉर्म त्यांनीच भरला होता.

भिंगाखाली दहा जागा निवडून त्यांनी मोजलं. सरासरी आली चौऱ्याऐंशी. बाईंचा जीव भांड्यात पडला. नियमाप्रमाणे तीच पट्टी मग हाताखालच्या तरुण डॉक्टरणीकडे गेली. तिचा आकडा आला एकवीस.

"डोळे फुटलेत का तुझे?" बाई कडाडल्या.

ती चाचरत म्हणाली, "मॅडम, पट्टीवर तुमच्या खुणा आहेत, तुम्ही दाट दाट जागाच घेतल्यात. जागा न बघता घ्यायची, हे तुम्हीच शिकवलंत मला."

बाईंनी पुन्हा भिंगाला डोळा लावला. बऱ्याच वेळाने मान वर करून त्यांनी स्वतःचा आकडा खोडला.

"तिसऱ्या कुणाकडून मोजून घेऊ का?" तिने हळूच विचारलं.

"कशाला? पहिल्यांदा बहिणीने मोजलं होतं. डॉक्टर म्हणून मोजलंस ते तूच."