गिऱ्हाइकाच्या हाताजवळची घंटी

शनिवार, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. बेंगळुरूत मल्लेश्वरमच्या एका घरात संगणकासमोर ठेवलेली पितळी घंटी वाजायला हवी होती. ती वाजली नाही.

मित्रांनो, ती घंटी मी. मी एक जुनी टेबलघंटी आहे. वरचे बटण दाबले की एकदाच 'टण्ण' करते. काल का वाजले नाही हे सांगायचे तर आधी चिकपेटला, इथल्या कापडबाजारात, जावे लागेल.

तिथे सत्यनारायण यांचे कापडाचे घाऊक दुकान होते. घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड, आणि पुढे गिऱ्हाईक बोलेल ती भाषा. मला त्यांनी नोकरांना हाक मारण्यासाठी आणले होते. माझे खरे काम एका चुकीनंतर सुरू झाले.

देवाप्पा हा दुकानातला कापड कापणारा जुना माणूस. एक पडदेवाला दहा वर्षे त्याच्याकडून तेच कापड नेत असे, तुकडे करून. एकदा त्याने तोंड उघडले न उघडले तोच देवाप्पाने कात्री चालवली. सगळा तागा कापून झाला तेव्हा तो माणूस म्हणाला, "अण्णा, या वेळी मंडपाला हवं होतं. अखंड."

"दहा वर्षं तुकडेच नेता की!"

"म्हणून अकराव्या वर्षी विचारायचं नाही?"

सत्यनारायण ओरडले नाहीत. त्यांनी मला गल्ल्यावरून उचलले आणि पलीकडे, गिऱ्हाइकाच्या हाताजवळ ठेवले. त्या दिवसापासून नियम असा झाला: गिऱ्हाइकाला काय हवे ते आपण आपल्या तोंडाने सांगायचे. 'हो, हेच' असे त्याला वाटले की त्याने मला वाजवायचे. तोवर कात्रीला हात लावायचा नाही.

शेजारचे दुकानदार हसले. गिऱ्हाइकांना मात्र मजा वाटली. देवाप्पाला कधी दोनदा सांगावे लागे, कधी चारदा. "अय्यो, वाजवा हो अक्का आता," तो काकुळतीला येई. ती माझ्या कौतुकाची वर्षे. बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरहून आईबरोबर येणारी लहानगी सुमय्या तर मला वाजवता यावे म्हणून स्टुलावर चढत असे.

मग दुकान बंद झाले. मी मल्लेश्वरमच्या घरी आले आणि शिलाई मशीनच्या खणात पडले. एकदा कोणीतरी मला देवघरात नेऊ लागले, तेव्हा सत्यनारायण म्हणाले, "ती देवाची नव्हे, गिऱ्हाइकाची." मी पुन्हा खणात. सात वर्षे माझ्यावर कोणाचे बोट पडले नाही.

या महिन्यात सुमय्या आली. आता ती नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला शिकते, सुट्टीवर आली आहे. सत्यनारायणांची मुलगी रूपश्री तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. सुमय्या दख्खनी बोलते, रूपश्री मराठी, आणि दोघींचे काही अडत नाही. आल्या आल्या सुमय्याने विचारले, "चाचा, वो घंटी है क्या?"

मला तेव्हा कळले की माझा नियम माझ्या आधीच युरोपात पोचला आहे. रॉटरडॅममधल्या एका मशिदीच्या वरच्या खोलीत दर रविवारी सुमय्याच्या मंडळातले वीस-पंचवीस तरुण मुसलमान जमतात आणि वाद घालतात. कोणाचे आईवडील मोरोक्कोचे, कोणाचे तुर्कस्तानचे. धर्माबद्दल, घराबद्दल, ज्या देशात जन्मलो त्याबद्दल तिथे काहीही विचारता येते. अट एकच: आधी समोरच्याचे म्हणणे मांडायचे, त्याने पेल्यावर चमचा वाजवला की मग आपले.

मला हसू आले. पेला आणि चमचा!

पण त्या खोलीवर आता संकट आहे. मशिदीच्या कमिटीने कळवले आहे की प्रश्न आधी लिहून दाखवा, तरच खोली मिळेल. मानायचे की नाही, हा निकाल मंडळ रविवारी तिथल्या दुपारी चार वाजता संगणकावरच भेटून लावणार, सगळ्यांच्या मताने. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. सुमय्या म्हणते, अट मानली की मंडळ संपले. तिचा मित्र इद्रीस म्हणतो, मानावी. अर्धे त्याच्या बाजूचे आहेत. मंडळ फुटेल, ही सुमय्याची भीती.

म्हणून काल ती रूपश्रीच्या घरी बसली, इद्रीस पडद्यावर. इद्रीसचे म्हणणे तिने मांडायचे, त्याने 'हो' म्हटले की सत्यनारायणांनी मला दाबायचे. दोघे इंग्रजीत बोलले. मी मराठीत सांगते.

"तू मोठ्यांना घाबरतोस," सुमय्या म्हणाली.

"नाही."

"तुला खोली हवी. फुकटात दुसरी मिळणार नाही."

"खोली गेली तर बागेत बसू. नाही."

"मुली, तू कात्री हातात धरूनच बोलते आहेस," सत्यनारायण हळूच म्हणाले. रूपश्रीने त्यांना गप्प केले.

सुमय्याने श्वास घेतला. "आपल्या मंडळातल्या सतरा वर्षांच्या हानानं त्या खोलीत विचारलं होतं की शुक्रवारचं प्रवचन मला समजतच नाही, मग मी तिथं बसून काय करते? त्याची चित्रफीत पसरली. काहींनी तिला धर्मबुडवी म्हटलं, काहींनी तिच्या नावानं मशिदीची टिंगल केली. हाना यायची थांबली. प्रश्न विचारणाऱ्याला आधी जपावं, असं तुझं म्हणणं."

सत्यनारायणांचे बोट माझ्यावर आले.

"जवळ आलीस," इद्रीस म्हणाला. "चित्रफीत टाकली कोणी?"

टाकली होती सुमय्यानेच. 'बघा, आम्ही किती मोकळे बोलतो,' या अभिमानाने. हानाला न विचारता.

तेव्हा सहा वाजून दहा मिनिटे झाली होती.

आज रविवार. सकाळी सुमय्याने हानाला लिहिले. निरोप वाचला गेला; उत्तर नाही. दुपारी तिने सत्यनारायणांना विचारले, "चाचा, गिऱ्हाईक कौन है इसमें?" ते म्हणाले, "ते तूच ठरव. पण घंटी त्याच्याजवळ हवी."

मित्रांनो, माझी एवढीच विनंती. मला चिंचेने घासले नाही तरी चालेल, काळी पडेन. पण मला आपल्या बाजूला ओढून घेऊ नका. तुम्ही बरोबर ऐकले की नाही, हे तुम्हाला नाही, समोरच्यालाच ठाऊक असते.

साडेसातला दोन मिनिटे कमी आहेत. पडद्यावर तेवीस चौकटी होत्या, आत्ताच चोविसावी उघडली. चेहरा नाही, नुसते नाव: हाना. मत द्यायच्या आधी सुमय्याने दोन मिनिटे मागून घेतली आहेत. "आज इद्रीस नाही, हाना सांगेल तेव्हा वाजवा," असे ती सत्यनारायणांना म्हणाली, आणि तिने चौथ्यांदा सुरुवात केली, या वेळी 'मी' या शब्दापासून.

आता तिचे बोलून झाले आहे. हानाचा माइक सुरू आहे. पलीकडे कुठेतरी ट्राम गेल्याचा आवाज येतो आहे. सत्यनारायणांचे बोट माझ्यावर आहे. अजून दाबलेले नाही.