दारापर्यंतचे एकेचाळीस सेकंद

नाटकांना पार्श्वसंगीत देणारे पुष्कळ असतात, पण या संगीतकारांची तऱ्हाच वेगळी होती. पात्र उठून खिडकीपाशी जाणार असेल, तर माणसाला तेवढ्यासाठी नेमके किती सेकंद लागतात हे कळल्याशिवाय ते पेटीला हात लावत नसत. आणि हे माप ते घेत घरी, बायकोवर, तिच्या नकळत. ती चादर झटकायला लागली की यांच्या खिशात स्टॉपवॉच सुरू. सोळा वर्षं रंगमंचावरच्या साऱ्या नायिका तिच्याच गतीने वावरल्या आणि त्या बिचारीला पत्ताही नव्हता.

नव्या नाटकात मात्र पंचाईत झाली. शेवटी बायको घर सोडून जाते. स्वेटरची घडी घालते, चष्मा डब्यात ठेवते, ठिबकणारा नळ घट्ट करते, किल्ली टेबलावर ठेवते आणि कडी काढून बाहेर पडते. संवाद एकही नाही, सगळा भार संगीतावर. हे माप घरी कुठून मिळणार? यांची बायको कधी रुसून माहेरीसुद्धा गेली नव्हती. म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी अंदाजपंचे आकडा धरला, एकेचाळीस सेकंद, आणि तालमीच्या खोलीत बसून व्हायोलिनसाठी तुकडा बांधायला घेतला.

पहिल्या दिवशी स्वेटरपर्यंतचं काम झालं. संध्याकाळी घरी वाचता वाचता बायकोने पुस्तक मिटलं, त्यांच्या स्वेटरची घडी घातली आणि घडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. सवयीने त्यांनी मोजलंच होतं. नऊ सेकंद, सुरावटीइतकेच. त्यांना हसू आलं. दुसऱ्या दिवशी चष्मा आणि नळ झाले. त्या संध्याकाळी तिने घडी घातली, चष्मा ठेवला, नळ घट्ट केला आणि थांबली. या नाटकाचा एक शब्दही त्यांनी घरात काढलेला नव्हता.

कुठे निघालीस, असं त्यांनी विचारलं. कुठेच नाही, म्हणत ती पुन्हा वाचायला बसली. ती खोटं बोलत नव्हती, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

दिग्दर्शकांनी तगादा लावला तेव्हा त्यांनी उरलेला तुकडा पुरा केला, फक्त दार उघडतानाचा शेवटचा सूर लिहिला नाही. त्या संध्याकाळी बायको कडीवर हात ठेवून पाऊण तास उभी होती. त्यांनी हात धरून तिला परत आणून बसवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तालमीत कागद फाडून टाकले. व्हायोलिनवादक हसले. "अहो, मला सगळं पाठ आहे. आणि तो शेवटचा सूर हवाच. आधीचं सगळं त्याच्याकडेच तर चाललंय. लावतो मी." तो सूर वाजवू नका म्हणून संगीतकारांनी दिग्दर्शकांपुढे अक्षरशः हात जोडले. कलावंताचं खूळ म्हणून सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी होता. ते गेलेच नाहीत. नाटक सहा वाजून दहा मिनिटांनी संपणार, हे त्यांना सेकंदासकट माहीत होतं. सहालाच त्यांनी दाराशी खुर्ची लावली, किल्ली खिशात टाकली आणि बसून राहिले. समोर बायको वाचत होती. सहा दहा झाले. तिने पान उलटलं. सव्वासहा झाले, सहा वीस होत आले, आणि ती आपली वाचतेच आहे. त्यांना रडूच आलं. डोळे पुसत त्यांनी खुर्ची उचलून जागेवर ठेवली, किल्ली टेबलावर ठेवली आणि आपण इतके दिवस कसे वेड्यासारखे घाबरलो याला स्वतःशीच हसले.

"अहो," ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "आज पडदा दहा मिनिटं उशिरा उघडला."

मग तिने पुस्तक मिटलं आणि स्वेटर जवळ ओढला. तिला अडवायला ते धावणार होते, पण त्यांचा हात आधीच खिशात गेला होता आणि स्टॉपवॉच सुरू झालं होतं.