खानसामाच खुनी

सत्यभामाबाईंची नजर गेली, तेव्हापासून रेल्वेतून निवृत्त झालेले त्यांचे पती तुळशीराम बूढापारा मोहल्ल्यातल्या घरात त्यांना रोज दुपारी रहस्यकथा वाचून दाखवत. नियम एकच: शेवटच्या प्रकरणाआधी बाईंनी खुनी ओळखायचा. पाच वर्षांत त्या एकदाही चुकल्या नाहीत. चुकतील कशा? पुस्तकात खुनी कोणीही असो, तुळशीराम बाईंनी सांगितलेलंच नाव वाचायचे. एरवी कोणाचं ऐकून न घेणारा माणूस!

या वेळच्या कादंबरीत पुरानं वेढलेल्या डाकबंगल्यात सात अनोळखी माणसं अडकली होती आणि एकेक करून मरत होती. दवाखान्यात नेताना बाई म्हणाल्या, "खानसामाच आहे तो. मी आल्याबिगर पुढचं वाचू नका."

त्या आल्याच नाहीत.

बाईंच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर दुसऱ्या दिवशी तुळशीरामांनी रिकाम्या खाटेजवळ बसून पुस्तक उघडलं. छापलेला खुनी डॉक्टर होता. त्यांनी घसा खाकरून मोठ्यानं वाचलं, "सगळे खून खानसाम्यानंच केले होते."

मग सवयीनं ते थांबले. इथं बाई टाळी वाजवून म्हणायच्या, "पाहा, मी म्हटलं होतं ना!"



"काहून चूप बसली?" तुळशीराम खाटेवर खेकसले. "जिंकली ना तू!"