एवढं रीळ गुंडाळून आलोच

मित्रांनो, लोणीच्या एका पडवीत गोणपाटाखाली झाकून ठेवलेला प्रोजेक्टर, तो मी. लोखंडी, जड, डाव्या अंगाला पोचा आलेला. मी जत्राजत्रांत, तंबूत सिनेमे दाखवले. कुंडलिक माझा ऑपरेटर. रोज सकाळी तो माझी काच पुसायचा, चाकांना थेंब थेंब तेल द्यायचा. "मशीन राखावं तर कुंडलिकनं," असं लोक म्हणायचे, आणि मी फुशारून जायचो.

नव्वद सालानंतर एकच गोष्ट फार चालली. कारखानदार सदा कामात, मुलीचा वाढदिवस विसरतो, आजारी पडतो आणि शेवटच्या रिळात फाइल मिटून घरी धावतो. नट बदलायचे, फाइल तीच. शेवट पाठ असूनही बाया पदराने डोळे टिपायच्या.

कुंडलिकने तो शेवट कधी बसून पाहिला नाही. शेवटचं रीळ लावलं की तो आधीचं उलटं गुंडाळायला घ्यायचा, मग तंबूच्या खुंट्या उपटायचा. दुसऱ्या दिवशी निमगाव सावाची जत्रा असायची.

लोणी त्याचं गाव; तिथल्या जत्रेत त्याची मुलगी उज्ज्वला गोणपाट अंथरून शेजारी जागा धरायची.

"आबा, या ना!"

"एवढं रीळ गुंडाळून आलोच."

शेजारची बयाबाई एकदा म्हणाली, "कुंडलिकभाऊ, पडद्यावरचा बाप पोचला घरी. तुमी कवा?"

"त्याला कुटं तंबू सोडायचा व्हता, बयाबाई!"

सगळे हसले. उज्ज्वलाही हसली. गोणपाट अर्धं रिकामंच राहिलं. अशा सहा जत्रा गेल्या.

पुढे घरोघरी टीव्ही आले. दोन हजार दोन साली मालकाने तंबू विकला आणि मला कुंडलिकच्या घरी पाठवलं, सोबत त्या कारखानदाराच्या सिनेमाचं शेवटचं रीळ. कुंडलिकला पडद्यावरच्यासारखी काही उपरती झाली नाही. हाताला काम उरलं नाही, इतकंच. मग छातीचं दुखणं आलं. शिनोलीला दिलेली उज्ज्वला त्याच्याजवळ येऊन राहिली.

एका संध्याकाळी त्याने तिला भिंतीवर पडदा म्हणून धोतर बांधायला लावलं आणि स्वतः गोणपाट अंथरलं. लहानपणापासून पाहिलेलं; उज्ज्वलाने मला बरोबर चालू केलं.

"उज्वले, ये. बस."

"मशीन कोण बघंल, आबा?"

"ऱ्हाऊ दे गं मशीन. लई बघितलं."

ती बसली. रीळ संपलं. फिल्मचं टोक फटफट आपटत राहिलं, दिवा तापत राहिला. कुणी उठलं नाही. माझी हेळसांड झाली ती तेवढीच.

दिवाळीआधी कुंडलिक गेला.

मित्रांनो, यंत्रांना वेळेवर तेल द्या, काचा पुसा. पण कुणी शेजारी जागा धरून हाक मारली, तर जाऊन बसा. रीळ कुठे जात नाही. माझ्यावरचं ते अजून तसंच आहे, गुंडाळायचं राहिलेलं.