लाल चिंधीची लिंबोणी

मी बांधावरची लिंबोणी बोलतेय. कुंपणाला लागून आमची एक ओळ आहे, तिच्या टोकाला मी. बुंध्याला विटलेली लाल चिंधी बांधलेली दिसते ना, तीच. बोलायची मला फार हौस आहे अशातला भाग नाही. विचारलंत, म्हणून सांगते.

ही बाग दोन जावांनी मिळून लावली. थोरली बाग बघते, धाकटी मोठ्या रस्त्यावर दुकान चालवते. मी रोप होते तेव्हा दोघी एकाच झारीने मला पाणी घालायच्या. धाकटी म्हणायची, "जाऊबाई, ही काटेरी बघा, थेट तुमच्यासारखी." थोरली म्हणायची, "आणि आंबट होईल तुझ्यासारखी." मग दोघी हसत बसायच्या, आणि पाणी भलत्याच ठिकाणी सांडायचं. तेव्हा मला बरं वाटायचं. बरं वाटणं म्हणजे काय ते तेव्हा कळायचं.

आमच्या बागेत कधी फवारणी झाली नाही. शेणखत, पालापाचोळा आणि थोरलीची बोटं, एवढंच आमचं औषध. अळी दिसली की चिमटीत धरून चिरडायची. लिंबं फाटकापाशी टोपलीत ठेवायची. रोजची गिऱ्हाइकं म्हणजे गल्लीतली माणसं: टेलरमास्तर, बसचा ड्रायव्हर, दवाखान्यातून सुटून येणारी नर्सबाई. कुणीही कधी काही विचारलं नाही. थोरलीच्या हातचं आहे, एवढं त्यांना पुरायचं.

दुकानात मात्र लोक विचारायला लागले. "सेंद्रिय म्हणता, पण सर्टिफिकेट आहे का?" धाकटीची पंचाईत झाली. त्याशिवाय माल उचलला जाईना. तिने अर्ज केला आणि एक तपासनीस आला. भला माणूस होता. बाग फिरला, माती चिमटीत घेऊन पाहिली आणि शेवटी आमच्यापाशी येऊन थांबला.

"पलीकडे शेजारी फवारणी करतात का?"

"करतात की," थोरली म्हणाली.

"मग वाऱ्याने ते औषध या ओळीवर येणार. ही ओळ वगळायची. हिची लिंबं वेगळी तोडा, वेगळी ठेवा, साधी म्हणून विका."

विसरायला नको म्हणून थोरलीने त्याच दिवशी आम्हाला लाल चिंध्या बांधल्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ना, तसं झालं. खत तेच, पाणी तेच, हातही तेच, पण मी साधी ठरले. तेव्हा मात्र मला लागलं होतं, हे कबूल करते.

सर्टिफिकेट मिळालं, पण ते फुकट येत नाही हो. बाग केवढीशी हे फी बघत नाही. वर तपासनीसाचा प्रवासखर्च, मातीची तपासणी, पानांची तपासणी, आणि हे सगळं दर वर्षी. नाकापेक्षा मोती जड झाला. मग पैसे कुठून काढायचे? लिंबांतूनच. भाव दुप्पट झाला.

नर्सबाई नेहमीसारखी आली. आजारपणात तिच्या आईच्या तोंडाची चव गेली होती, लिंबू पिळल्याशिवाय म्हातारीला घास जात नव्हता. तिने एक लिंबू उचललं, हुंगलं, भाव विचारला आणि पुन्हा टोपलीत ठेवलं. "बरं काकू, येते," म्हणाली आणि रिकामी पिशवी घडी करून निघाली.

थोरलीने तिला हाक मारली. "अगं थांब, चिंधीची आहेत. जुन्याच भावात ने."

तेव्हापासून गल्लीभर चिंधीच्या लिंबांचा बोलबाला झाला. आमच्या एका ओळीला ते झेपणार होतं थोडंच? महिन्याभरात आम्ही साफ झालो. आता टोपली रिकामी राहणार असं मला वाटलं. पण एके सकाळी थोरली आमच्याकडे न वळता मधल्या ओळीत शिरली. सर्टिफिकेटची, महागाची, उत्तम लिंबं तिने तोडली आणि मुकाट्याने चिंधीच्या टोपलीत ओतली. लोक साधा माल भारी म्हणून विकतात. आमची बाई भारी माल साधा म्हणून विकत होती. धाकटीला याचा पत्ता नव्हता.

पुढच्या वर्षी तपासनीस आला, सगळं ठीक म्हणाला आणि निघालाही. पण धाकटीला राहवेना. मोठ्या अभिमानाने तिने त्याला फाटकापाशी नेलं. "बघा साहेब, चिंधीची आम्ही वेगळी विकतो. अगदी नियमाने." याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

त्याने काठोकाठ भरलेली टोपली पाहिली. मग वळून आमच्याकडे पाहिलं. आमच्या अंगावर एक पिकलं लिंबू नव्हतं. मी अशी उघडी पडले.

"मग ही कुठली?" त्याने विचारलं.

थोरली खोटं बोलली नाही. तो म्हणाला, "ताई, यात कुणाचं नुकसान नाही, हे मला कळतं. पण जसं लिहून दिलंत तसं तुम्ही वागला नाहीत. सर्टिफिकेट थांबवावं लागेल. हवं तर नवा अर्ज करा, पुन्हा फी भरा."

तो गेल्यावर दोघी माझ्याच सावलीत भांडल्या.

"दर वर्षी फी मी भरते, माझ्या गल्ल्यातून! आणि तुम्ही इथे दारात खैरात वाटता?"

"खैरात नव्हे गं. पैसे देऊनच नेतात. फक्त कागदाचे पैसे देत नाहीत."

"आणि माझं दुकान? ते मी कशावर चालवू, जाऊबाई?"

थोरली टोपली उचलून फाटकाकडे चालू लागली. धाकटी काही चुकीचं बोलत नव्हती.

फी पुन्हा भरली गेली नाही. दुकानात आता लांबच्या कुठल्यातरी मोठ्या बागेतली, सर्टिफिकेटवाली लिंबं येतात. थोरलीने एक जुनी लाल चादर फाडली आणि बागेतल्या प्रत्येक झाडाला चिंधी बांधली. सगळीच साधी, भाव एकच. नर्सबाईने विचारलं, "काकू, सेंद्रियच आहेत ना?" थोरली म्हणाली, "लिंबं आहेत." कागदाशिवाय आता तेवढंच म्हणता येतं.

परवा फाटकापाशी धाकटी आली. घरच्यासाठी हवी होती. दुकानातली तिलाही परवडत नसावीत. तिने टोपलीतून पाच-सहा निवडली आणि विचारलं, "किती झाले?" थोरलीने सांगितले. धाकटीने दिले. थोरलीने घेतले. "येते," म्हणून ती गेली. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याचीच थोडी भीती वाटते.

एक सांगायचं राहिलं. बाकीच्यांच्या चिंध्या नव्या आहेत, थोरलीने त्या सैल बांधल्यात. माझी मात्र पहिल्या दिवसाचीच आहे. बुंधा वाढला, गाठ तशीच राहिली. आता ती सालीत रुतली आहे आणि तिच्या वर सगळं बधिर आहे. फाटकावरून गेलात तर थोरलीला तेवढं सांगा. किंवा धाकटीला सांगा. दोघींपैकी कुणीही सोडली तरी चालेल.