मैदानात खिळे होते आणि मी गप्प होतो

मित्रांनो, ओरडणं हेच ज्याचं काम, त्याला गप्प बसवलं की त्याच्या जिवाची काय तगमग होते, ते आज माझ्याकडून ऐका. मी एक जुना मेटल डिटेक्टर आहे. हल्ली मी घणसोली गावात, कबड्डी मंडळाच्या खोलीत भिंतीला टांगलेला असतो, आणि तोही खिळ्यालाच. माझ्या बॅटरीच्या झाकणाला चिकटपट्टी आहे, मुठीचं रबर झिजलं आहे. पण माझा कान अजून शाबूत आहे. खाली ही जी गोल थाळी दिसते ना, तोच माझा कान. जमिनीखाली धातू असला की मला तो कळतो आणि मी ओरडतो. म्हणजे, ओरडू दिलं तर ओरडतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. कुणीतरी माझ्या थाळीत तांब्याच्या तारेचे वेढे बसवले, दांडा जोडला, छातीवर एक छोटा पडदा लावला आणि मला खोक्यात बंद केलं. डोळे उघडले ते वाशीतल्या एका दुकानात. तिथे माझ्या डावीकडे एक स्वस्त, हलका गडी होता आणि उजवीकडे एक महागडा, जाडजूड. तो आमच्याकडे पाहतसुद्धा नसे.

एके दिवशी दुकानात विपुल आला. घणसोली गावठाणातला तिशीचा माणूस. घरावर मजले चढवून काढलेल्या भाड्याच्या खोल्या सांभाळायच्या आणि उरलेला वेळ मोबाइलवर खजिना शोधणाऱ्यांचे व्हिडिओ बघायचे, हा त्याचा दिनक्रम.

"कुठे फिरवणार?" दुकानदार दिपेशने विचारलं. "कोरडी वाळू, ओली वाळू, की माती?"

"सगळीकडे."

"सगळीकडे चालणारं मशीन सगळीकडे थोडं थोडं चालतं, शेठ," दिपेश हसला. पण माणूस प्रामाणिक होता, त्याने नीट समजावलं. डावीकडचा गडी मातीत आणि कोरड्या वाळूत चांगला, पण समुद्राच्या ओल्या वाळूत नेला की त्याला मीठच धातू वाटतं आणि तो उगीच बडबडत सुटतो. उजवीकडचा पाण्याखालीही खोलवरचं ऐकतो, पण त्याला खिळा आणि अंगठी यांतला फरक कळत नाही, दिवसभर नुसतं खणत बसावं लागतं. मी मधला. एकाच वेळी अनेक सुरांत ऐकत असल्याने मिठाला फसत नाही. "थाळी बुडाली तरी चालेल, वरचा डबा बुडवायचा नाही. घरी आलात की गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसायचं. आणि किल्ल्याबिल्ल्यावर न्यायचं नाही, गुन्हा आहे."

विपुलने मला उचलून पाहिलं. हात दुखला नाही, म्हणून मी पसंत पडलो. मग त्याचं लक्ष माझ्या पडद्याखालच्या बटणाकडे गेलं.

"हे काय?"

"ते दाबलं की लोखंड असलं तरी मशीन गप्प राहतं. कचरा कमी खणावा लागतो. पण कायम दाबून ठेवू नका. अधूनमधून सगळं ऐकत जा."

पुढचं वाक्य विपुलने ऐकलंच नाही. "म्हणजे खिळेमोळे बाद? मग बेस्ट. आपल्याला फक्त सोनं पायजे," असं म्हणत त्याने तिथेच बटण दाबलं. ते पुढे कित्येक महिने दाबलेलंच राहिलं.

दर रविवारी आम्ही उरणच्या नाहीतर अलिबागच्या किनाऱ्यावर जायचो. सोन्याचा कणही सापडला नाही. तंबाखूच्या चंदेरी पुड्या सापडल्या, एक पितळी घुंगरू सापडलं आणि एकदा चांदीचं जोडवं. त्या दिवशी विपुल घरी नाचतच आला. पण त्याची आई गोजरा जोडव्याला हात लावेना. "ज्या बाईचं हाय तिला शोधून दे, नायतर दर्याला परत दे. दुसऱ्या बाईचं जोडवं घरात नको," ती म्हणाली. पुढच्या रविवारी विपुलने ते निमूटपणे पाण्यात सोडलं.

मग त्याची हौस फिटली. मला कपाटावर टाकलं गेलं. कुणी पुसलं नाही, पोटातल्या बॅटऱ्या काढल्या नाहीत. त्या माझ्या आतच फुगल्या आणि त्यांचं पाणी सुटून त्याने माझं झाकण खाल्लं. वर पडल्या पडल्या मी घरातली बोलणी ऐकायचो. जास्त करून ती नमिताबद्दल असायची. नमिता म्हणजे विपुलची धाकटी बहीण, कबड्डी खेळणारी. अनवाणी पायांनी मातीत चढाई करणारी तिच्यासारखी पोर पंचक्रोशीत नव्हती. पण कुमारी गटात खेळायचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. गावच्या स्पर्धेला जिल्ह्याच्या निवड समितीच्या मालतीबाई येणार होत्या. त्यांनी पाहिलं आणि पसंत केलं तर पुढची वाट मोकळी, नाहीतर सगळं तिथेच संपणार. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे. पण रात्री जेवताना तिचा घास हातात राहायचा, हे गोजराच्या लक्षात यायचं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळीच घरात रडारड झाली. नमिताची जोडीदारीण तेजश्री मैदानावर सरावात पळता पळता खाली बसली होती. तिच्या पायात बूट होते, तरी बुटाचा तळवा फोडून लांबलचक खिळा आत शिरला होता. नमितानेच तो ओढून काढला आणि खिशात टाकला. तेजश्रीला दवाखान्यात नेलं.

खिळा आला कुठून, ते सगळ्यांना लगेच उमगलं. पूर्वी मैदानात खाडीकाठच्या खारातली माती आणून टाकायचे आणि गावातल्या बाया ती चाळणीने चाळायच्या. आता खारात टॉवर उभे आहेत. या वर्षी विपुलने ओळखीने एका टॉवरच्या साइटवरून दोन डंपर माती फुकटात आणवली होती. "माती काय चाळायची, रोलर फिरवा," असंही तोच म्हणाला होता. त्या मातीत स्लॅब ओतताना लावायच्या सेंट्रिंगच्या फळ्यांचे खिळे होते.

विपुलचे वडील गोटीराम मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी लेकाकडे एकदा पाहिलं. बोलले मात्र दुसरंच. "खेळ बंद. पावन्यांना चहा पाजून पाठवा. पोरींचे पाय हायत ते."

"आबा, पुढच्या वर्षी मी वयात बसत नाय," नमिता म्हणाली.

"म्हनून काय खिळ्यांवर नाचशील?"

आणि मग विपुलला माझी आठवण झाली.

त्याने मला खाली काढलं, गंजलेल्या बॅटऱ्या उपटल्या, नव्या घातल्या, झाकण चिकटपट्टीने चिकटवलं. मी थरथरून जागा झालो. मित्रांनो, इतक्या महिन्यांनी कुणालातरी माझी खरोखर गरज पडली होती. मैदानाभोवती सारा गाव उभा होता. विपुल मला मातीवरून डावीकडून उजवीकडे झुलवत चालू लागला, आणि पहिल्याच फेरीत थाळीखाली खिळा आला.

मला तो कळला. स्वच्छ कळला. पुढे आणखी एक, मग एकाशेजारी एक असे दोन, मग आडवा पडलेला एक. मी आतल्या आत ओरडत होतो. पण बटण दाबलेलं होतं आणि माझ्या तोंडातून हूं की चूं निघत नव्हतं. बोनस रेषेच्या उजव्या कोपऱ्यात, लोखंडी बॅरिकेडजवळ, तर एक खिळा टोक वर करून उभाच होता, बोटभर मातीखाली. त्याच्यावरूनही विपुल मला शांतपणे घेऊन गेला.

"क्लीन आहे," तो हात उंचावून म्हणाला. "एक पण खिळा नाय. टेन्शन नका घेऊ."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला एका खांबाला टेकवून ठेवलं. फक्कीच्या पांढऱ्या रेषा आखल्या गेल्या. संध्याकाळी मालतीबाई आल्या, पुढच्या खुर्चीत बसल्या. "अंधार पडेपर्यंत थांबते. पुढे दिघ्याला सामना आहे," त्यांनी सांगितलं. दोन्ही संघ रेषेबाहेर उभे राहिले. पोरींनी वाकून मैदानाची माती कपाळाला लावली. माझा जीव टांगणीला लागला होता. मला पाय नव्हते आणि तोंड असून वाचा नव्हती. आता ती पोर आत पाऊल टाकणार होती.

पण नमिता रेषेवर थांबली. तिने भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दादा, ह्याने उरणला तुला सोनं दिलं नाय ते नाय. निदान खिळा तरी ओळखतो का, बघू दे मला."

तिने खिशातून तेजश्रीच्या पायातला खिळा काढला. त्याच्यावरचं रक्त वाळून काळं झालं होतं. तो तिने माझ्या थाळीसमोर धरला.

मी गप्प.

विपुलने मला हलवलं, थापटलं. मी गप्पच. त्याने बोटातली अंगठी काढून समोर धरली, तेव्हा मी खणखणीत वाजलो. पुन्हा खिळा धरला, पुन्हा गप्प. खिळेमोळे बाद, असं तो त्या दुकानात किती खुशीत म्हणाला होता, ते त्याला तेव्हा आठवलं असणार. त्याने अंगठ्याने ते बटण सोडवलं.

मित्रांनो, मग मी जो ओरडलो, तसा जन्मात कधी ओरडलो नव्हतो.

सामना लांबला. विपुल मला फिरवत पुढे आणि नमिता खुरपं घेऊन मागे, असे आम्ही निघालो. मी ओरडायचो, ती खणायची, खिळा निघायचा. बघता बघता गावातल्या बायाही पदर खोचून मातीत बसल्या. खिळ्यांनी एक तसराळं भरत आलं. पलीकडे टॉवरमागे सूर्य उतरत होता आणि मालतीबाई पुन्हा पुन्हा घड्याळ पाहत होत्या.

आम्ही उजव्या कोपऱ्याकडे आलो आणि सगळा घोटाळा झाला. तिथे लोखंडी बॅरिकेड होतं, त्यामागे लोखंडी खुर्च्यांची रांग. मी एकसारखा बोंबलू लागलो, आणि त्या गोंगाटात जमिनीखालचं काही वेगळं ऐकू येईना.

"हे बॅरिकेडमुळे वाजतंय," विपुल म्हणाला. "इथं काय नसेल. लाइट जातोय नमे, सोड एवढा कोपरा."

सगळ्या मैदानात एकट्या मला ठाऊक होतं की तिथेच तो उभा आहे. मी घसा फुटेस्तोवर ओरडत होतो आणि माझं ओरडणं कुणी खरं मानत नव्हतं. गप्प राहण्यापेक्षा ते जास्त जिव्हारी लागलं.

नमिता कोपऱ्यात नुसती उभी राहिली. "मी इथूनच वळते दरवेळी," ती म्हणाली. "बॅरिकेड हटव."

"पावने बसलेत तिथं."

त्यावर मालतीबाईच उठल्या. स्वतःची खुर्ची स्वतः उचलून त्या मागे गेल्या. मग सगळी रांग उठली. चार जणांनी बॅरिकेड ओढत लांब नेलं. आता मी गप्प झालो, कारण गप्प व्हायचंच होतं. विपुलने थाळी हळूहळू पुढे सरकवली. शांतता. आणखी पुढे. शांतता. मग बोनस रेषेच्या टोकाशी मी एकदाच, कडक ओरडलो.

विपुलने खुरपं घेतलं नाही, बोटांनीच माती उकरली. टोक दिसलं. तो सगळ्यांत लांब खिळा होता आणि अगदी सरळ उभा होता. विपुलने तो उपटला आणि वडलांच्या हातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली आणि पंचांना खूण केली.

सामना झाला. नमिताचा संघ एका गुणाने हरला, हे मी लपवणार नाही. पण शेवटच्या चढाईत तिला त्याच कोपऱ्यात तिघींनी घेरलं. एकीने पाय धरला, दुसरी कमरेला बिलगली, तिसरी अंगावर पडली. त्या तिघींना ओढत ती पोर छातीवर सरपटत निघाली आणि हात लांबवून तिने मध्यरेषेला बोटं टेकवली. सारा गाव उभा राहिला. जाताना मालतीबाई तिच्यापाशी थांबल्या. "शिबिराला ये," म्हणाल्या, "आणि पायांना जप."

सगळे पांगल्यावर गोजराने लेकीला जवळ बसवलं. तिचा एक तळवा मांडीवर घेतला, पदराने पुसला, मग दुसरा घेतला. नुसती माती होती. गोजरा दोन्ही तळवे हातांत धरून बसून राहिली, आणि मी शेजारी खांबाला टेकून ते पाहत होतो.

तेव्हापासून मी मंडळाच्या खोलीत असतो. प्रत्येक सामन्याआधी मैदान मीच तपासतो. पण आधी विपुल तो लांब खिळा आणून माझ्यासमोर धरतो. मी ओरडलो की मगच पुढे निघतो. नंतर तो मला पुसतो, बॅटऱ्या काढून ठेवतो. लोक अजून त्याला चिडवतात, सोनं सापडलं का म्हणून. तो फक्त हसतो.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा घ्यायचा झाला तर सगळं विचारून घ्या. वाळूत चालतो का, मिठाला फसतो का, वजनाला कसा आहे. घेतल्यावर त्याची निगा राखा, त्याला अंगावरच्या मिठासकट कपाटावर फेकू नका. आणि एक विनंती आहे, मग मी थांबतो. आपल्याला काय हवं आहे ते सगळेच सांगतात. तुम्ही मात्र ज्याने तुमचा किंवा तुमच्या माणसाचा पाय फाटेल, ते एकदा माझ्यापुढे धरा आणि मला बोलू द्या.